कांचनजंगेच्या वाटेची आखणी

सिक्कीम राज्याचा जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या एका राष्ट्रीय उद्यानाने व्यापलेला आहे. उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फुलांचे ताटवे आणि बसावयाची बाके उभी राहतात. कांचनजंगा राष्ट्रीय उद्यानाचा त्या चित्राशी काहीएक संबंध नाही. १,७८४ चौरस किलोमीटरांच्या या प्रदेशाचा तळ सुमारे १,२०० मीटरांवरील दमट अरण्यात आहे, आणि त्याचा माथा म्हणजे ८,५८६ मीटर उंचीचे कांचनजंगा शिखर! हे उद्यान १९७७ साली स्थापन झाले. २०१६ साली निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्ही नात्यांनी त्यास जागतिक वारशाचा मान मिळाला. असा दुहेरी मान मिळविणारे भारतातील हे पहिलेच स्थळ होय.

सिक्कीमचे लोक या शिखरास देवतास्वरूप मानतात. १९५५ साली ब्रिटिश गिर्यारोहक नेपाळच्या बाजूने प्रथमच वर पोहोचले, तेव्हा दिलेल्या शब्दाप्रमाणे ते माथ्याच्या काही पावले खालीच थांबले. १९७७ साली सिक्कीमच्या बाजूने चढलेल्या भारतीय सेनेच्या तुकडीनेही तोच संकेत पाळला. तुमच्याआमच्यासारख्या पायी फिरणाऱ्यांची वाट मात्र शिखराकडे जात नाही. ती युक्सम गावापासून निघून ४,९४० मीटरांवरील गोएचा ला या खिंडीपर्यंत जाते, आणि तेथून कांचनजंगा समोर दिसते.

या प्रवासाचा बेत आमच्या घरी ठरला, तेव्हा पहिली गोष्ट घडली ती म्हणजे सर्वांनी नकाशावरील किलोमीटर मोजले. जाऊनयेऊन नव्वदाच्या आसपास! सह्याद्रीतील गड पालथे घालणाऱ्या माणसास हा आकडा मुळीच भिववीत नाही. परंतु महाराष्ट्रातील सर्वांत उंच कळसूबाई १,६४६ मीटर. आणि जेथे आपण पायांत बूट चढवितो ते युक्सम गावच सुमारे १,७८० मीटरांवर आहे. आपल्या राज्याचे छत ते तेथील उंबरठ्याहूनही खाली. तेव्हा येथे अंतर मोजून भागत नाही. रात्री डोके कोठे टेकावयाचे, त्या जागेची उंची मोजावी लागते.

तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये आणि तीनचार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असा वैद्यकाचा नियम आहे. आता वाट पाहा. युक्समहून साचेन, तेथून प्रेक छू नदीवरचा पूल ओलांडून त्शोका. हे सुमारे तीन हजार मीटर. पुढचा नेहमीचा मुक्काम झोंगरी, तो चार हजारांवर! म्हणजे एकाच दिवसात दुप्पट उडी. झोंगरीस हवेचा दाब समुद्रकाठच्या साठ टक्क्यांच्या जवळपास उरतो. म्हणून त्शोकास एक दिवस अधिक आणि झोंगरीस दोन रात्री, असा हिशेब घरूनच लिहून न्यावा. घाईच्या कार्यक्रमपत्रिकेत हे दिवस प्रथम कापले जातात, कारण त्या दिवशी 'काहीच होत नाही'. माझ्या मते सबंध प्रवासात पैसे वसूल होतात ते याच दिवशी. एप्रिल-मे महिन्यांत त्शोकाच्या वरचे रान ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलांनी पेटलेले असते. त्या रानातून सावकाश शेदोनशे मीटर वर जाऊन पुन्हा खाली झोपावयास यावे. शरीरास याहून चांगली तालीम नाही.

ऋतू दोनच. एप्रिल-मे फुलांसाठी आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर स्वच्छ आकाशासाठी. पावसाळ्यात ढग आणि जळवा यांखेरीज काही पदरी पडत नाही.

शिधा हा गृहिणींच्या आस्थेचा विषय, आणि तेथेही उंची आडवी येते. चार हजार मीटरांवर पाणी सुमारे ८७ अंशांवरच उकळू लागते. उकळते, पण डाळ शिजत नाही. म्हणून प्रेशर कुकर ही तेथे चैन नव्हे. उद्यानात लाकूड तोडून चूल पेटविता येत नाही. इंधन बरोबर न्यावे लागते. ओझी वाहावयास झो हे याक आणि गाय यांच्या संकराचे जनावर मिळते. परवाना आणि नोंदणी यांची कामे युक्सममध्ये उरकतात आणि वाटाड्याही तेथेच ठरतो. बरोबरच्या प्लॅस्टिकची मोजदाद ठेवावी आणि तो कचरा परत आणावा, अशी तेथील रीत आहे. तेव्हा बिस्किटांची वेष्टने घरीच काढून कापडी पिशव्या भराव्यात. लोकरीचे कपडे किती, याविषयी प्रत्येक घरी वाद होईलच. तो होऊ द्यावा.

आमच्या घरी मात्र खरा प्रश्न धाकट्या बहिणीने विचारला. ती, तिचे यजमान, त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा आणि मी असे चौघे जाणार होतो. सामानाची यादी बाजूस सारून ती म्हणाली, "दादा, वाटेत कोणाला बरे वाटेनासे झाले, तर त्याच्याबरोबर खाली कोण उतरणार?"

"ते तेव्हा पाहू," मी म्हणालो.

"तेव्हा कोणालाच खाली जावेसे वाटणार नाही. ज्याला खिंडीची सर्वांत जास्त हौस, त्यानेच पहिल्याने उतरायचे. म्हणजे दुसरा कोणी हट्ट धरणार नाही."

हौस कोणास होती, हे घरात सर्वांस ठाऊक होते. तिने यादीच्या खाली माझे नाव लिहिले.

विरळ हवेच्या विकाराची सुरुवात साधी असते. डोके दुखते, अन्न नकोसे वाटते, झोप लागत नाही. या स्थितीत आहे तेथेच थांबावे, वर जाऊ नये. दुखणे वाढत गेले, स्वस्थ बसूनही धाप लागू लागली, चालताना तोल जाऊ लागला, तर रात्र असो वा पाऊस असो, खाली उतरणे हाच उपाय. प्रतिबंधक औषधे आहेत. ती आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. परंतु गोळी घेतली म्हणून विसाव्याचा दिवस वाचत नाही.

झोंगरीस दुसऱ्या पहाटे माझ्या भाच्याने चहाही परतविला. आदल्या संध्याकाळची डोकेदुखी रात्रीत वाढली होती आणि त्यास दोनदा वांती झाली होती. "मामा, थोडा पडतो, मग निघू," असे तो म्हणत होता. बहीण माझ्याकडे पाहत राहिली. बोलली काहीच नाही. मी पिशवी भरली. धाकटा वाटाड्या बरोबर घेऊन आम्ही उतरू लागलो. त्या दिवशी आकाश इतके निरभ्र होते की, पंडिम शिखराच्या कडेवरचे बर्फ उन्हात धुरासारखे उडताना दिसत होते. मी दोनचार वेळा मागे वळून पाहिले, हे लपविण्यात अर्थ नाही. तिसऱ्या प्रहरी त्शोका आले आणि दिवेलागणीस भाच्याने भात मागितला.

गोएचा ला मी पाहिलेला नाही. तो बहिणीने आणि तिच्या यजमानांनी पाहिला: थांसिंगचे कुरण, समितीचे निळे तळे आणि काळोखात निघून उजाडता उजाडता गाठलेली खिंड. त्याचे वर्णन तिच्याच तोंडून ऐकावे.

परतीच्या गाडीचे आरक्षण करताना युक्सम आणि न्यू जलपाईगुडी यांच्या दरम्यान दोन दिवस मोकळे ठेवावेत. २०२३ च्या ऑक्टोबरात उत्तर सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक हे हिमनदीचे सरोवर फुटून तीस्तेला पूर आला, धरण वाहून गेले आणि खोऱ्यातील रस्ते जागोजागी तुटले. पुराविनाही पावसाने दरडी कोसळतातच. युक्समला अडकून पडण्याची वेळ आलीच, तर गावाच्या वरच्या अंगास नोरबूगांग येथे जावे. १६४२ साली सिक्कीमच्या पहिल्या राजाचा अभिषेक तेथे झाला. दगडी आसन अद्याप तेथे आहे. शेजारी एक प्रचंड वृक्ष आहे आणि सावली भरपूर आहे.