काळी चारचा बेस

(फ्रीमाँट, कॅलिफोर्निया, २०२५)

६ जुलै

आषाढी. सकाळी ताईंचा फोन. गणपतीतल्या शनिवारी मंडळात अभंगांचा कार्यक्रम करायचा म्हणतात. तबला, हार्मोनियम, टाळ आणि बेस गिटार. "तुमचा तो जुना आणा. नवा नको." पट्टी विचारली. काळी चार.

रात्री केस उघडली. तारा काळवंडल्यात.

७ जुलै

काळी चारला मोकळी तार जवळजवळ विसरायची. बेसच्या चार मोकळ्या तारा म्हणजे पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. यात ना सा, ना म, ना प. पांढरी तीन तेवढी कोमल धैवताला जाईल. खालचा सा जाड तारेवर चौथ्या फ्रेटला, ५२ हर्ट्झच्या आसपास. सगळं दाबून वाजवायचं. बरं आहे. दाबलेली तार सोडली की गप्प होते.

९ जुलै

जुन्या तारा काढल्या. तारा नसताना लाकूड नीट दिसतं.

अलेम्बिक, सिरीज वन, १९७७. नंबरातले पहिले दोन आकडे साल सांगतात. मधला गाभा महोगनीचा. वरचं लाकूड कोकोबोलो, लालसर तपकिरी, त्यात काळ्या रेघा. आपल्या शिसवीच्याच कुळातलं झाड, फक्त मध्य अमेरिकेतलं. नेक मेपलची, तिच्यात पर्पलहार्टच्या जांभळट पट्ट्या. ही नेक बॉडीला स्क्रूने जोडलेली नाही, बॉडीच्या आरपार शेवटपर्यंत गेलीय. दोन्ही बाजूंचे पंख तिला चिकटवलेत. हात फिरवला तरी सांधा लागत नाही. नखानं शोधला, तेव्हा कुठे पाठीमागे एक केसाएवढी रेघ.

फ्रेटबोर्ड एबनीचा. टेंभुर्णीचा भाऊबंद. पहिल्या पाच फ्रेटपाशी किंचित खळगे पडलेत. आधीच्या मालकाची बोटं. माझी बोटं बरोबर त्याच जागी पडतात.

तेलाचा हात दिला. थोडंच.

१० जुलै

लेक म्हणते, एवढा जड कशाला, हलका नवा घ्या. हा पाच किलोच्या घरात. डावा खांदा दुखतो हे खरं. उत्तर दिलं नाही.

१३ जुलै

पहिली तालीम, ताईंच्या दिवाणखान्यात. सगळे खाली गादीवर. मीही.

मांडी घालून हा बेस धरणं सोपं नाही. नेक जड, सोडली की डोकं जमिनीकडे जातं. डावा हात तिला तोलण्यातच अडकला तर सूर कधी धरणार? बसूनही पट्टा गळ्यात घातला. मग जमलं. पाठीला लोड.

काकांनी (हार्मोनियम) आधीच विचारलं, "अभंगाला बेस कशाला? डग्गा आहे ना." प्रश्न रास्त आहे. वाजवूनच उत्तर द्यावं लागेल.

पाच अभंग. चौथा मालकंसात, ताईंची स्वतःची चाल. शेवटी भैरवी.

१४ जुलै

मालकंस. सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी. रिषभ नाही, पंचम नाही.

बेसवाल्याचा अर्धा संसार सा-प वर चालतो. ऑर्केस्ट्रात, लग्नात, चर्चमध्ये, सगळीकडे. हाताला तेच वळण. इथे प वाजला की राग मेला.

पण एक गोष्ट आज बोटांनी दाखवली. बेसच्या शेजारशेजारच्या तारांत मध्यमाचं अंतर असतं. जाड तारेवर चौथ्या फ्रेटला सा, त्याच फ्रेटला शेजारच्या तारेवर म. बोट आडवं टाकलं की सा-म. पंचमासाठी आणखी दोन फ्रेट पुढे जावं लागतं. म्हणजे हे वाद्य मुळात मध्यमाचंच आहे, पंचम आपण त्याच्यावर लादलेला. मालकंसाला तानपुराही मध्यमात लावतात.

तासभर सा-म, सा-म. शेजारच्यांनी काही म्हटलं नाही.

१६ जुलै

फ्रेटवरचा मध्यम शुद्ध मध्यमापेक्षा दोन सेंटनीच चढा. कानाला लागत नाही. कोमल गंधाराचं तसं नाही. फ्रेटचा ग एका जागी खिळलेला, ताईंचा ग आंदोलत त्याच्या वरखाली असतो. तिथे मी बोट ठेवायचंच नाही. हार्मोनियमचं जुनं दुखणं मी आणखी खालच्या सप्तकात कशाला वाढवू?

ठरलं. सा आणि म. क्वचित खालचा नी, उतरताना. बाकी जागा ताईंची.

२० जुलै

तालीम. मालकंस वाईट झाला. सूर बरोबर, पण लांब. समेवर मारलेला सा पुढच्या समेपर्यंत उरतो. त्यावर डग्ग्याचा घुमारा. दोन्ही त्याच तळात. खाली नुसता चिखल.

तबलेवाला पोरगा नम्र आहे. एवढंच म्हणाला, "दादा, माझा डग्गा मलाच ऐकू येत नाही."

२१ जुलै

हा बेस लांब टिकावा म्हणूनच घडवलाय. आरपार नेक त्यासाठी. घोडीखाली लाकडात पितळेचा ठोकळा बसवलाय तो त्यासाठी. वरचा नटही पितळी, दोन बारीक स्क्रूंनी वरखाली करता येतो. तार छेडली की कंप कुठे पळून जाऊ नये, तारेतच राहावा, ही सगळी खटपट.

आणि ती खटपट कुठून आली तेही माहीत आहे. १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला ग्रेटफुल डेड या बँडच्या अवतीभवती अलेम्बिकची मंडळी जमली. रॉन विकरशॅम आधी अँपेक्समध्ये, टेपरेकॉर्डरवाले. सुझन विकरशॅम. रिक टर्नर लाकूड आणि पिकअप बघायचे. त्यांना बेसचा प्रत्येक सूर मैदानाच्या टोकाला स्वच्छ पोचवायचा होता. १९७४ मध्ये त्या बँडमागे स्पीकरची जी अख्खी भिंत उभी राहायची, तिच्यातही यांचा हात. पुढे स्टॅन्ली क्लार्कनं यांचाच बेस घेऊन १९७६ मध्ये 'स्कूल डेज' ही रेकॉर्ड केली, आणि बेसवाला मागच्या रांगेतून पुढे आला.

मला तो दिवाणखान्यात, गादीवर, डग्ग्याशेजारी वाजवायचाय. टिकणं त्यांनी बघितलं. थांबवणं माझ्याकडे.

२२ जुलै

उजव्या तळव्याची कड घोडीवर. अंगठ्याने तार. सूर येतो आणि बसतो.

२४ जुलै

चपट्या वेटोळ्याच्या तारा घातल्या. फ्लॅटवाउंड. या बेसवर त्या घालणं काही जणांना पाप वाटेल, एवढा वरचा झगमगाट देणारं यंत्र आणि त्यावर मुक्या तारा. पण झगमगाट नकोच आहे. बोट घासल्याचा आवाज गेला. ताईंच्या आलापात मधेच कुर्रर्र नको.

तारांचा ताण बदलला, नेक जराशी वाकली. आत दोन सळ्या आहेत, प्रत्येकी वेगळी फिरते. दोन्ही पाव फेरा. उद्या पाहू.

२५ जुलै

नेक सरळ. उंच तारेची बाजू अगदी किंचित सैल ठेवली.

२७ जुलै

डग्गा ऐकू येतो, म्हणाला पोरगा.

आज फिल्टरचाही उपयोग कळला. दोन पिकअप, प्रत्येकाला स्वतःचा व्हॉल्यूम, स्वतःचा फिल्टर. नेकजवळचा जवळजवळ बंद केला. घोडीजवळचा ठेवला, फिल्टर निम्म्यावर. तळ पातळ झाला, सुराची जागा स्पष्ट झाली. डग्गा खाली, मी त्याच्या जरा वर. काका वाजवत होते, मान हलवली नाही, पण थांबलेही नाहीत.

२ ऑगस्ट

एक पिकअप गप्प.

मध्येच येतो, मध्येच जातो. वायर हलवली की खरखर.

३ ऑगस्ट

झोप नाही. पहाटे उठून पुन्हा लावून पाहिला. दोन पिकअपच्या मधे तिसरी एक डबी आहे, दिसायला पिकअपसारखी, पण तिच्यात चुंबक नाही. ती तारेचा आवाज घेत नाही, फक्त भोवतालची गुणगुण पकडते आणि दोन्ही पिकअपमधून ती वजा होते. ते गणित अजून नीट चाललंय. म्हणजे आतलं सर्किट जिवंत असावं. असावं.

तालीम बॅटरीवर. आत नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या बसतात, साधी वायर लावली की बेस त्यांच्यावर चालतो. तेवढ्यावर निभावलं.

६ ऑगस्ट

ओकलंडला दुरुस्तीवाल्या गृहस्थांकडे. सत्तरी ओलांडलेली. हात स्थिर. बेस घेताना त्यांनी आधी हात पुसले, ते मला आवडलं.

यातली वायर साधी नाही, पाच पिनांची. दोन पिनांतून बाहेरच्या डब्यातली वीज बेसमध्ये जाते, दोनांतून दोन पिकअपचे आवाज वेगवेगळे येतात, पाचवी जमीन. त्यांनी टोकाचं झाकण उघडलं, भिंग दिलं. एका पिनेवरचं सोल्डर गोल भेगाळलेलं. वर्षानुवर्षं त्याच ठिकाणी वाकून वाकून. जीव भांड्यात पडला.

मग विजेचा डबा उघडला. आतले दोन मोठे कपॅसिटर मूळचे, १९७७ चे. अजून चालतात, पण एकाच्या बुडाला ओल. पन्नास वर्षांत असला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतो किंवा गळतो.

"बदलू का? विकायचा असेल तर बदलू नका. मूळचे असले की भाव येतो."

८ ऑगस्ट

ठरत नव्हतं, म्हणून हिला विचारलं. ही म्हणाली, "वाजवायचाय की ठेवायचाय?"

फोन केला. बदला. जुने दोन्ही पिशवीत घालून परत द्या, केसमध्ये राहतील.

रिक टर्नर २०२२ मध्ये गेले. ज्यांनी हा हातांनी घडवला, त्यांनी तो बघायला घडवला नव्हता. मूळचं जपायचं तर आधी मूळचा आवाज जपायचा. पुढे गुणगुण वाढली, एखाद्या दिवशी डबा जळला, तर त्या मूळच्या कपॅसिटरचं काय करू?

१० ऑगस्ट

बेसशिवाय तालीम. नुसता बसून ऐकलं. तिसऱ्या अभंगात माझं कामच नाही. तिथे वाजवणार नाही. ताईंना सांगितलं. त्यांना पटलं.

१५ ऑगस्ट

परत आला. नवं सोल्डर चकचकीत. दोन्ही पिकअप. मागची गुणगुण गेली, इतकी की ती होती हे आता कळतंय.

रात्री उशिरापर्यंत वाजवला. मालकंसातला एकच सा. जोरात नाही.

१९ ऑगस्ट

उकाडा. दुपारी ३५. बेस गाडीत एक मिनिटही ठेवायचा नाही. दुकानात सोबत नेला. लोक बघतात.

२३ ऑगस्ट

शेवटची मोठी तालीम. चौथ्या अभंगात ताईंनी म वर न्यास केला, बराच वेळ. मी म धरला आणि सोडला. त्यांचा सूर एकटा राहिला. डग्गाही गप्प. मग समेला तिघे एकदम.

सोडला तेव्हा काका माझ्याकडे बघत होते.

२७ ऑगस्ट

गणेश चतुर्थी. घरी मूर्ती बसवली. आरतीला बेस नाही, टाळ.

२९ ऑगस्ट

पिशवी भरली. पाच पिनांची वायर, साधी वायर, विजेचा डबा, नव्या बॅटऱ्या, छोटा पाना, लोड. साउंडवाल्याला लिहून पाठवलं: बेस मोठा करू नका, डग्गा आधी.

३० ऑगस्ट

कार्यक्रम. हॉलमध्ये एसी फार. गार हवेत तारा चढल्या, पहिल्या अभंगाआधी पुन्हा जुळवल्या. दुसऱ्यात साउंडवाल्याने मला वाढवलंच, हातानं खूण करून खाली आणवलं. तिसऱ्यात हात मांडीवर.

चौथा. आठ मात्रांचा भजनी ठेका, सा-म, सा-म. पंचम नाही. प्रत्येक सूर हवा तिथे थांबला. दोनदा खालचा नी, उतरताना. ताई शेवटच्या अंतऱ्यात कुठल्या कुठे गेल्या, आणि मला जागेवरून हलावं लागलं नाही.

भैरवीत मी थोडा जास्त वाजवला असं काकांचं म्हणणं. असेल.

३१ ऑगस्ट

खांदा दुखतोय. तारा पुसल्या.

काकांचा फोन. कोजागिरीला बैठक आहे, त्यांच्या गच्चीवर. "मालकंसाला बेस ठीक आहे. भैरवीला नको." भैरवीबद्दल त्यांचं बरोबर आहे. मालकंसाबद्दलही. बेस आणतो म्हणालो, भैरवीला खाली ठेवीन.