ब्रशाची प्रत

मुंबईत कॉटन ग्रीनला कापसाची प्रत डोळ्यांइतकीच बोटांनी ठरायची. गाठीतून चिमूटभर रुई उपसायची, दोन्ही हातांच्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरून ओढायची, सुटलेले तंतू एकावर एक रचून पुन्हा ओढायची. तंतू सरळ झाले की लांबी कळायची आणि लांबीवरून भाव. आमचे अण्णा गोदामात याच कामावर होते, त्यामुळे दाढीचा ब्रशही ते त्याच हाताने घेत. फुटपाथवरच्या ढिगातून चार ब्रश उचलायचे, अंगठ्याने केस उलटे दाबायचे, मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवायचे, मग झुपका चिमटीत धरून हलकेच ओढायचा. ज्याचा केस सुटला तो परत ढिगात. केस कुठल्या जनावराचा, हा प्रश्नच नव्हता. दाढीचा ब्रश म्हणजे डुकराच्या केसांचा. या राठ केसांची मोठी पेठ कानपूरला होती आणि आमच्या काळाचौकीच्या चाळीत घरटी एक असा ब्रश खिळ्याला टांगलेला असे.

गिरणीच्या पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत दाढी उरकायची. गॅलरीत आरसा, बंबातलं तांब्याभर पाणी, वाटीत गोदरेजचा शेव्हिंग राऊंड. (गोदरेजचं मूळही आमच्याच भागातलं, 1897 साली त्यांनी कुलपांचा कारखाना काढला तो लालबागला.) ब्रश आधी पाण्यात बुडवून ठेवायचा आणि तोवर चहा घ्यायचा. डुकराचा केस स्वतःच पाणी पितो. त्याची तहान भागवल्याशिवाय वाटीत फिरवला, तर झालेला फेस तोच गिळून टाकतो. नवा ब्रश सुरुवातीला टोचायचा आणि त्याला वासही यायचा. रोजच्या वापराने केसांची टोकं फाटत, एकेका टोकाची दोन-तीन होत आणि गालाला मऊ लागू लागत. मुळाशी मात्र ताठपणा कायम. त्या ताठपणामुळेच कडक साबणाचा फेस निघायचा आणि दोन दिवसांचे खुंट उभे राहायचे.

म्हणून ते दिवस सोन्याचे होते असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात ब्रश वाळायचा नाही आणि कुबट वास यायचा. अर्धवट दाढीत गालावर सुटा केस चिकटलेला सापडायचा. दांड्यातला गोंद सुटला की अख्खा झुपका हातात यायचा. तो मेण ओतून परत बसवायचा, कारण नवा घेणं हा खर्च होता. ब्लेडचीही तीच गत. धार गेली की काचेच्या ग्लासाच्या आतल्या बाजूला घासायचं आणि आणखी काही दिवस ढकलायचे.

शिवाय सगळ्यांना हा ब्रश चालायचाही नाही. आमच्या मजल्यावर वारी करणारे माळकरी होते. तोंडाला डुक्कर लावायचं, हे त्यांच्या पचनी पडत नसे. गोदामातल्या मुसलमान हमालांचीही तीच अडचण. पुढे नायलॉनचे ब्रश आले तेव्हा शेजारच्या आबांनी लगेच एक आणला. पण ते नायलॉन पाणी धरत नसे. फेस हनुवटीवरून ओघळून बनियनवर यायचा. आबांनी तक्रार केली नाही. बनियन बदलून कामावर जात.

आता गिरण्यांच्या जागी टॉवर आहेत आणि त्यातल्या एकात माझा भाचा राहतो. त्याने मोबाइलवरून बॅजरचा ब्रश मागवला. किंमत ऐकून अण्णांनी कपाळाला हात लावला असता. बॅजरचे केस बहुतेक चीनमधून येतात. टोकाला निमुळते, त्यामुळे पहिल्या दिवसापासून मऊ. ते पाणी पिण्यापेक्षा झुपक्यात धरून ठेवतात, म्हणून फार भिजवावं लागत नाही आणि क्रीमचा फेस चुटकीसरशी होतो. कडक साबणावर मात्र मऊ बॅजर लोळण घेतो.

खोक्यावर प्रत छापलेली होती. या ब्रशांत प्युअर, बेस्ट, सुपर, सिल्व्हरटिप अशी चढती भाजणी असते, म्हणजे ‘प्युअर’ सगळ्यांत खालचा. मला हसू आलं, कारण कापसातही ‘फुली गुड’च्या वर ‘फाइन’ आणि त्याच्या वर ‘सुपरफाइन’ असायचा. पण तिथे नावामागे कोणीतरी उभं असे. 1921 साली ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन स्थापन झाली; तिच्याकडे प्रमाण नमुने असत, वाद झाला की गाठ नमुन्याशी ताडून निकाल लागे. आज कॉटन असोसिएशन ऑफ इंडिया या नावाने ती संस्था कॉटन ग्रीनच्या कॉटन एक्स्चेंजच्या इमारतीत आहे. ब्रशाच्या धंद्यात असा सामाईक नमुना नाही. एकाचा ‘सुपर’ दुसऱ्याचा ‘बेस्ट’ असू शकतो आणि पडद्यावर अंगठा कितीही दाबला तरी केस वाकत नाही. निवड वाढली, पण पैसे मोजण्याआधी जोखायची सोय गेली.

भाच्याने विचारलंच, म्हणून सांगितलं. दाढी राठ असेल आणि वाटीतला कडक साबण आवडत असेल, तर डुकराचाच घे. पहिला महिनाभर टोचेल तेवढं सोस. कातडी नाजूक असेल, क्रीम वापरत असशील, तर बॅजर बरा. मात्र त्या केसांसाठी जनावरांचे हाल होतात अशी ओरड झाल्यावर काही कंपन्यांनी बॅजर विकणं सोडलं, तेही ध्यानात ठेव. आणि जून ते सप्टेंबर मुंबईत काढायचे असतील, तर आजचा कृत्रिम धाग्याचा ब्रश दोघांनाही भारी आहे. झटकला की वाळतो, वास धरत नाही, केस क्वचितच सोडतो, फेसही बॅजरच्या तोडीचा देतो. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी हा एकदा वापरून बघावा. मला तर तो हातात घेतला की आबा आठवतात. त्यांना हवा होता तो ब्रश हाच. फक्त तो यायच्या आत त्यांच्या गिरणीला टाळं लागलं.