फाटक नसलेले स्टेशन

मिरजेच्या माणसाला रेल्वे वेगळी शिकवावी लागत नाही. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही मापांचे रूळ एकेकाळी ज्या जंक्शनात एकत्र येत, त्याच्या भोंग्यांवर आमच्या घराचे घड्याळ चालत असे. अब्बा रेल्वेत होते. पगार बेताचा, पण पास होता. त्या पासावर आमच्या घराने अजमेर पाहिले, हैदराबाद पाहिले, दिल्ली-आग्रा पाहिले. डब्यात चपात्या, सुराहीत पाणी आणि उशाला वळकटी. प्रवास म्हणजे आम्हाला एवढेच ठाऊक होते. केवळ बघण्यासाठी, तेही परदेशात जाणे हे आमच्यासारख्यांच्या हिशेबात कधी बसलेच नव्हते.

ते २०२४ च्या मे महिन्यात बसले. दोघांच्या नोकरीतून साठवलेले पैसे, दोन शाळकरी मुले आणि एकाहत्तर वर्षांची अम्मा, असे आम्ही पाच जण युरोपला जायचे म्हणालो आणि घरात जणू मजलिसच भरली. मामूजान म्हणाले, "एवढ्या पैशात सगळ्यांचा उमरा होईल." खालाचे म्हणणे, जायचेच तर एखाद्या कंपनीबरोबर जा, बस दारात, जेवण ताटात. तिसरा आक्षेप कुणी मोठ्याने बोलले नाही, पण सगळ्यांच्या मनात तोच होता. आपली नावे, आपली दाढी, आपल्या बायकांच्या डोक्यावरचा स्कार्फ. तिकडे कोण कसे बघेल? परक्या मुलुखात, ट्राम-रेल्वेत, सोबतीला कुणी नसताना?

निर्णय अम्माने दिला. "हज झाला माझा. तिथं अल्लाहचं घर बघितलं. आता त्याची दुनिया बघू दे की!"

कंपनीने पाच जणांचा जो आकडा सांगितला तो ऐकून दुसरा प्रश्नही सुटला. आपण आपले जायचे, आणि लोक ज्या वाहनाने जातात त्याच वाहनाने जायचे. मुक्काम सर्वांत जास्त ऑस्ट्रियात म्हणून शेंगेन व्हिसाचा अर्ज त्या देशाकडे केला. बँकेचे उतारे, नोकरीचे दाखले, प्रत्येकी किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा अशी चळत गोळा झाली. ७ मे रोजी सांगली मतदारसंघात मतदान केले, बोटावर शाई लावून घेतली आणि त्याच आठवड्यात निघालो. सामानात भडंगाची दोन पाकिटे आणि शेंगदाण्याची चटणी होती.

व्हिएन्नात आम्ही स्वयंपाकघर असलेली छोटी जागा भाड्याने घेतली होती. जवळचे स्टेशन आल्सर श्ट्रासे, मेट्रोच्या यू-सहा मार्गावरचे. हा मार्ग मुळात १८९८ साली सुरू झालेल्या शहर-रेल्वेचा. त्याची स्टेशने ओटो वाग्नर या वास्तुकाराने आखली. रस्त्यावरून कमानींवर गेलेला रूळ, हिरवे लोखंडी कठडे, पांढऱ्या भिंती. अब्बा असते तर आधी कठड्यावर हात फिरवून रंग किती थरांचा आहे ते पाहिले असते.

पहिल्या दिवशी तिकिटे काढून, ती निळ्या यंत्रात घालून तारखेचा शिक्का उमटवून आम्ही पुढे निघालो आणि थबकलो. समोर फाटक नव्हते. फिरता दांडा नव्हता, काचेचे दार नव्हते, तिकीट बघायला माणूस नव्हता. सरळ फलाट. धाकट्याने विचारले, "मग लोक तिकीट काढतात कशाला?" उत्तर सोपे आहे आणि अवघडही. मधूनमधून साध्या कपड्यातले तपासनीस येतात आणि विनातिकीट सापडलेल्याला जबर दंड होतो. पण तपासणी होईपर्यंत तुम्ही प्रामाणिक आहात असे धरून चालायचे, ही त्या व्यवस्थेची पायाभरणी. ज्यांना आयुष्यभर आधी आपण सज्जन असल्याचे सिद्ध करावे लागते, त्यांना ही गोष्ट साधी वाटत नाही. आम्हाला वाटली नाही.

दुसरी गोष्ट अम्माच्या गुडघ्यांनी शोधून काढली. गेली पाच-सहा वर्षे तिचे बाहेर जाणे दुसऱ्याच्या हातावर अवलंबून आहे. रिक्षात चढताना हात, बसमध्ये चढताना दोन हात, रेल्वेत तर खालून आधार आणि वरून ओढ. व्हिएन्नाच्या नव्या धर्तीच्या ट्रामचा तळ रस्त्यापासून जेमतेम एक वीत उंच असतो. मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनात लिफ्ट आहे. अम्मा पहिल्यांदा ट्राममध्ये चढली तेव्हा आम्ही सवयीने दोन्ही बाजूंनी हात पुढे केले. ती आमच्या हातांमधून सरळ आत गेली आणि खिडकीशी बसली. आमचे हात तसेच हवेत राहिले.

आम्ही राजवाडे पाहिले. यू-चार मार्गाने शोनब्रुनला गेलो, मुलांनी बागेतली उंच कमान गाठली. पण अम्माला सर्वांत आवडली ती ७१ क्रमांकाची ट्राम. ही ट्राम शहराच्या मध्यातून निघून १८७४ साली सुरू झालेल्या मध्यवर्ती दफनभूमीपर्यंत जाते, म्हणून व्हिएन्नात कुणी वारले की 'त्याने ७१ पकडली' असे म्हणतात. हे ऐकून अम्मा इतकी हसली की समोरची बाईही हसू लागली. तिथे बीथोवनची कबर आहे, शेजारी शूबर्टची. मुसलमानांसाठीही त्या भूमीत वेगळा भाग आहे. बीथोवनच्या कबरीवर कुणी ताजी फुले ठेवली होती. अम्मा म्हणाली, "आपल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात खाँसाहेबांची कबर आहे, तसंच हे." उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले; मिरजेत त्यांच्या स्मृतीला अजून गाणे होते. जिथे सतारी घडतात त्या गावच्या बाईला व्हिएन्ना समजायला मार्गदर्शक लागला नाही.

शुक्रवारी त्याच यू-सहाने नॉय डोनाऊ स्टेशनवर उतरलो. डॅन्यूबपलीकडे १९७९ साली उघडलेली मशीद आहे, घुमट आणि मिनारासह. तुर्क, बोस्नियन, अरब, आफ्रिकी असे सगळे सफेत होते. या देशाने १९१२ साली कायदा करून इस्लामला मान्यता दिली. त्याआधी चार वर्षे बोस्निया साम्राज्याला जोडला गेला होता आणि तिथले मुसलमान सम्राटाचे प्रजाजन, सैनिक झाले होते. १६८३ साली ज्या शहराच्या तटाला उस्मानी फौजांनी वेढा घातला, त्याच शहरातून हा कायदा निघाला. इतिहास एकाच मार्गाने चालत नाही, एवढे मोठ्या मुलीला त्या दिवशी कळले.

सगळे गोडच होते असे लिहिले तर ते खोटे ठरेल. एका संध्याकाळी ट्राममध्ये एक प्यालेला माणूस आमच्यातल्या स्कार्फकडे बोट दाखवून ओरडू लागला. जर्मन आम्हाला येत नाही. सूर मात्र कुठल्याही भाषेत कळतो. मुले गप्प झाली. मामूजानांच्या मजलिसीतला तो न बोललेला आक्षेप आमच्यासमोर उभा होता. तेवढ्यात अम्माच्या वयाची एक बाई जागेवरून उठली, काठी टेकत आली आणि त्या माणसाकडे पाठ करून आमच्यासमोर बसली. तिला मोडके इंग्रजी येत होते. अम्माच्या बोटावरची शाई बघून तिने विचारले, "लागलंय का?" मत दिल्याची खूण आहे हे सांगितल्यावर तिने ते बोट हातात घेऊन निरखून पाहिले. मग दोन स्टॉप ती आम्हाला आपल्या नातवंडांबद्दल सांगत राहिली. मागचा आवाज मध्येच कुठल्या तरी स्टॉपवर उतरून गेला.

त्या रात्री मुलांशी आम्ही मोकळेपणाने बोललो. तो माणूसही या शहरातला आणि ती बाईही. स्वित्झर्लंडने २००९ साली जनमत घेऊन नवे मिनार बांधायला बंदी केली. ऑस्ट्रियात २०१७ पासून सार्वजनिक जागी चेहरा झाकायला मनाई आहे. आम्ही परतल्यानंतर, डिसेंबर २०२५ मध्ये, तिथल्या संसदेने चौदा वर्षांखालील मुलींच्या शाळेतल्या स्कार्फवर बंदीचा कायदा केला. १९१२ चा कायदाही खरा आणि हेही खरे. आमच्यापुरते सांगायचे तर त्या अकरा दिवसांत शेकडो माणसांच्या शेजारी बसलो. ओरडला तो एक. बाकीच्यांनी आमच्याकडे पाहिलेही नाही. कुणी न पाहणे हेही एक सुख असते, हे आपल्यापैकी अनेकांना सांगावे लागणार नाही.

पुढचा टप्पा हालश्टाट. आटनांग-पुखहाइमला गाडी बदलायची. हालश्टाटचे स्टेशन तलावाच्या एका काठावर आणि गाव दुसऱ्या काठावर. गाडीतून उतरलो तर खाली धक्क्यावर नाव वाट बघत उभी. तिची वेळ रेल्वेच्या वेळेशी जुळवलेली असते. हजारो वर्षांपासून मिठाची खाण असलेले ते गाव पाण्यात आपले प्रतिबिंब बघत बसलेले होते.

तिथून साल्झबुर्ग आणि साल्झबुर्गहून झुरिक. या एका गाडीने चार देश दाखवले. ऑस्ट्रियातून निघून ती काही अंतर जर्मनीतून धावते, पुन्हा ऑस्ट्रियात येते, १८८४ साली खुला झालेला दहा किलोमीटरहून लांब आर्लबेर्ग बोगदा पार करते, लिश्टेनश्टाइन हा चिमुकला देश ओलांडते आणि बूख्स इथे स्वित्झर्लंडमध्ये शिरते. मुले प्रत्येक सीमेवर पासपोर्ट हातात धरून बसली होती. आमच्या डब्यात कुणी विचारायला आले नाही. ज्या देशांनी गेल्या शतकात दोन महायुद्धे पाहिली, त्यांच्या सीमा आता खिडकीबाहेरून नुसत्या सरकून जातात. अम्माला फाळणीत कराचीला गेलेली आपली मावशी आठवली. ती घरच्यांना पुन्हा भेटली नाही. अम्मा बराच वेळ बाहेर बघत होती.

स्वित्झर्लंडमध्ये जेवण इतके महाग की भडंगाचे दुसरे पाकीट तिथेच फोडले. प्रवास मात्र परवडला. प्रवाशांच्या पासवर सोळा वर्षांखालील मुले आईबापांबरोबर फुकट जातात, आणि त्याच पासवर आगगाडी, बस, बोट सारे चालते. ल्युसर्नहून बोटीने फिट्झनाउला गेलो आणि १८७१ साली सुरू झालेल्या, युरोपातल्या पहिल्या दातेरी रुळाच्या डोंगरी रेल्वेने रिगीवर चढलो. फलाटावरचे घड्याळ अम्माने बरोबर हेरले. त्याचा लाल सेकंदकाटा अठ्ठावन्न-एकोणसाठ सेकंदांत फेरा पुरा करतो, वर येऊन क्षणभर थांबतो आणि मिनिटकाटा हलला की पुन्हा निघतो. "तुझ्या अब्बांसारखं," अम्मा म्हणाली, "सिग्नल मिळाल्याशिवाय हलायचं नाही."

पण या सफरीतली आमच्या मते सर्वांत मोठी घटना ना डोंगरावर घडली ना तलावावर. ती व्हिएन्नातल्या चौथ्या दिवशी सकाळी घडली. आम्ही उठलो तेव्हा अम्मा घरात नव्हती. जिन्यातून धावत खाली उतरतो तर ती कोपऱ्यावरून येताना दिसली, हातात पिशवी. आल्सर श्ट्रासेहून लिफ्टने वर, गाडीने एक स्टेशन, लिफ्टने खाली, मग थोडे चालत ब्रुनेनमार्क्टला. तिथल्या तुर्की दुकानदाराकडून कोथिंबीर आणि टोमॅटो घेऊन ती परत आली होती. "सलाम म्हटलं, त्यानंही म्हटलं. चाय विचारली. त्यांच्यातही चायच म्हणतात!" आमचे चेहरे बघून तिने वर विचारले, "का? तिकीट होतं की माझ्याजवळ."

अब्बा गेल्यापासून अम्मा एकटी कुठे गेली नव्हती. आम्हाला वाटायचे, वय झाले, हिंमत गेली. हिंमत होतीच. वाट तेवढी नव्हती.

आपल्याकडे सामान्य प्रवाशाचा विचार झाला नाही असे मुळीच नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि पुढे ती वाड्या-वस्त्यांपर्यंत पोचली. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला, २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले. अम्मासारख्या कितीतरी जणी त्यामुळे माहेरी जाऊन येतात. भाडे कमी करणे हा मोठाच न्याय. त्याच्या पुढचा न्याय पायरीचा. देशभरातल्या बहुतेक बस नि गाड्यांत चढायला अजून तरण्या माणसाची मांडी लागते. म्हाताऱ्याला हात देणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत, अल्लाह त्यांना सलामत ठेवो. पण ज्याला रोज हात मागावा लागतो तो हळूहळू बाहेर पडणेच सोडून देतो, आणि घरच्यांना वाटते, म्हातारी आता दमली.

परतल्यावर मामूजानांनी विचारले, "काय बघितलंस तिकडं?" अम्माने बीथोवन सांगितला, रिगी सांगितली, तलावातली नाव सांगितली. मग म्हणाली, "भाईजान, मी एकटी बाजारला जाऊन आले." मामूजानांना यात विशेष काय ते कळले नाही. हल्ली अम्मा मोठ्या नातीकडून एक अर्ज लिहून घेते आहे. गावातल्या बसला खालची एक पायरी जोडून मिळावी, एवढीच मागणी. मसुदा तीनदा बदलून झाला. 'कृपया' हा शब्द तिने दर वेळी खोडायला लावला आहे.