सांध्याच्या आंत डोकावणें

गेल्या वर्षीं आमच्या नातवाचा गुडघा कबड्डी खेळतांना पिळवटला व अर्ध्यावरच अडकून बसला. अहमदपुरास असें कांहीं घडलें म्हणजे लातूर कीं नांदेड हा वाद होतोच. आम्ही लातूर पत्करलें. तेथील शल्यविशारद म्हणाले, हाडांमधील चंद्रकोरीसारखी गादी फाटून मध्यें आली आहे, ती दुर्बिणीनें दुरुस्त करूं. गुडघा उघडल्यास पोर जन्माचा अधू होईल, हा धसका त्याच्या आजीनें घेतला. म्हणून आम्ही सारी कृति विचारून घेतली.

कमरेखालचा भाग बधिर करून मांडीस पट्टा आवळतात. वाटीखालीं दोन बाजूंस बोटाच्या पेराहून लहान अशीं दोन छिद्रें पाडतात. एकांतून सुमारें ४ मिलिमीटर जाडीची नळी आंत जाते. तिच्या टोकास तिरकें भिंग व प्रकाश, मागें कॅमेरा. (दूरचें दाखविते ती दुर्बीण, ही तर जवळचें दाखविते! पण लोकांनीं शब्द रूढ केला, तेथें मास्तरांचें काय चालणार?) मिठाच्या पाण्यानें सांधा फुगवितात, म्हणजे जागा होते व रक्ताचा गढूळपणा वाहून जातो. दुसऱ्या छिद्रांतून आंकडी घालून गादी चाचपतात. शल्यविशारदाची दृष्टि गुडघ्यावर नव्हे, समोरच्या पडद्यावर असते. गादीच्या बाहेरील कडेस रक्तपुरवठा असल्यानें तेथील चीर शिवल्यास सांधूं शकते. आंतील कडेस तो नसल्यानें फाटका भाग बहुधा कातरावाच लागतो. आमच्या नातवाची चीर कडेची निघाली, ती शिवली. कुबड्या मात्र कांहीं आठवडे सुटल्या नाहींत.

आम्हां संस्कृतवाल्यांस अशा वेळीं सुश्रुत आठवतो. त्यानें वीस प्रकारचीं नाडीयंत्रें, म्हणजे पोकळ नळ्या, सांगितल्या असून रोग पाहणें हाही त्यांचा एक उपयोग दिला आहे. परंतु सांध्यांत नळी घालण्याचें श्रेय त्यास देणें हा पोकळ अभिमान होय. जानु हें तर त्यानें मर्म मानलें असून, तेथें इजा झाल्यास लंगडेपण येतें असें म्हटलें आहे. आजीचें भय अगदींच निराधार नव्हतें! या विद्येचें श्रेय बहुतांशीं जपानचें. तोकियोच्या केंजी ताकागी यांनीं १९१८ सालीं मूत्राशय पाहण्याची नळी प्रेताच्या गुडघ्यांत घालून पाहिली. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनीं १९६२ सालीं याच मार्गानें फाटक्या गादीचा भाग कापून काढला.

हें ऐकून आम्हीही आपला दुखरा गुडघा पुढें केला. शल्यविशारदांनीं साफ नकार दिला. वयोमानानें झिजलेल्या सांध्यास दुर्बिणीनें धुण्यापुसण्याचा लाभ नाहीं, असें ते म्हणाले. अमेरिकेंत हूस्टन येथें १८० रुग्णांवर याची परीक्षा झाली. कांहींस नुसत्या कातडीवर चिरा दिल्या होत्या. दोन वर्षांपर्यंत पाहिलें, तरी खऱ्या शस्त्रक्रियेचा आराम त्यांच्याहून अधिक ठरला नाहीं. निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाले. पंतप्रधान वाजपेयी यांच्या गुडघ्यावर २००० सालीं मुंबईस झाली ती सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया. ती निराळी, व तिची वेळ आमच्यावर अद्याप आलेली नाहीं. आम्हांस मिळाला तो मांडीच्या व्यायामांचा एक कागद, आणि पाटाऐवजीं खुर्चीवर जेवण्याची आज्ञा. पैकीं दुसरी घरांत अजून वादग्रस्त आहे.