भाड्याचे बूट

आमच्या अंबड तालुक्यांत बर्फ पाहावयाचें म्हणजे तें रसवंतीवाल्याच्या पेटींत, नाहीं तर आकाशांतून पडणाऱ्या गारांत. पहिला प्रकार सुखाचा, दुसरा दुःखाचा. सन २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें मराठवाड्यांत जी गारपीट झाली, तिनें उभा गहूं आडवा केला आणि मोसंबीच्या बागा झोडपून काढल्या. अशा मुलखांतल्या एका निवृत्त शाळामास्तरानें बर्फावरून घसरण्याचे बूट विकत घ्यावे कीं भाड्यानें घ्यावे, या विषयावर लेखणी उचलावी, हें वाचकांस विनोदाचें वाटेल. परंतु हा प्रश्न गेल्या महिन्यांत माझ्या घरीं खरोखरच उपस्थित झाला, आणि त्याचें उत्तर देतांना चाळीस वर्षें उराशीं बाळगलेली एक समजूत मला सोडावी लागली. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे चिरंजीव पुण्यास नोकरीला आहेत. सूनबाईंचे बंधु ऑस्ट्रियांत इन्सब्रुक येथें असतात. हें शहर आल्प्स पर्वताच्या कुशींत आहे. १९६४ व १९७६ सालीं हिवाळी ऑलिंपिक सामने तेथेंच झाले. पैकीं १९६४ च्या सामन्यांत जेरेमी बुजाकोव्स्की या एकट्या खेळाडूनें भारताच्या वतीनें भाग घेतला होता. सन २०२३ च्या नाताळांत मुलगा, सून व नात अशी आमची मंडळी तेथें जावयाची ठरली आणि 'स्नोबोर्ड' हा शब्द प्रथमच माझ्या कानीं पडला. एकाच रुंद फळीवर दोन्ही पाय आडवे बांधून उतारावरून घसरत जाण्याचा हा खेळ. १९६५ सालच्या नाताळच्या दिवशीं अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत शेर्मन पॉपेन या गृहस्थानें आपल्या मुलींच्या करमणुकीसाठीं दोन स्की एकत्र जोडून अशी फळी केली. पुढें १९९८ सालीं जपानांतील नागानो येथें या खेळास ऑलिंपिकमध्यें स्थान मिळालें. त्या फळीस 'हिमफलक' म्हणावें, अशी सूचना मीं केली होती. पण नातीनें ती हंसण्यावारी नेली.

फळी तेथें भाड्यानें मिळते, तसे बूटही मिळतात. मुलानें दूरध्वनीवरून सहज विचारलें, "नाना, बूट भाड्याचे घेऊं कीं विकत?" मीं क्षणाचाही विलंब न लावतां निर्णय दिला. दुसऱ्यानें वापरलेलीं पादत्राणें व वस्त्रें धारण करूं नयेत, असें मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत सांगितलें आहे; तें मीं त्याला ऐकविलें आणि बुटांचे पैसेही पाठवून दिले. सूनबाईंनीं मात्र स्वतःस व मुलीस भाड्याचे बूट घेण्याचें ठरविलें. मला तें रुचलें नाहीं, पण मी गप्प राहिलों.

खरें सांगावयाचें तर मनुस्मृति हें निमित्त होतें. मूळ कारण निराळें होतें. १९८१ सालीं जालना हा नवा जिल्हा झाला, त्याच वर्षीं मी एका शाळेच्या मुलाखतीसाठीं अंबडहून एस्टीनें जालन्यास गेलों. माझ्या चपलांचा अंगठा तुटलेला होता. आईनें वडिलांच्या नकळत शेजाऱ्यांचे काळे बूट मागून आणले. ते मला बोटभर आंखूड होते. स्थानकापासून शाळेपर्यंत चालतांना दोन्ही टांचा सोलून निघाल्या. परीक्षकांनीं 'उपानह्' शब्दाचें प्रथमेचें रूप विचारलें असतें तर मीं तें झोपेंतही सांगितलें असतें. पण त्यांनीं एक सोपा पाठ शिकवून दाखवावयास सांगितलें आणि माझें सारें लक्ष टांचेंत! ती नोकरी मिळाली नाहीं. वडिलांस कळलें तेव्हां ते एवढेंच म्हणाले, "दुसऱ्याच्या जोड्यांत पाय घातलास, आणखी काय होणार?" तें वाक्य मीं शिरोधार्य मानलें आणि पुढें नोकरी लागल्यावर घरांतल्या प्रत्येकास, परवडो न परवडो, स्वतःचा नवा जोडा घेऊन दिला.

इन्सब्रुकहून छायाचित्रें आलीं. त्यांत चिरंजीव नव्या बुटांत हंसतमुखानें उभे होते. मी तीं छायाचित्रें शेजाऱ्यांसही दाखविलीं.

यंदां पुनः जाण्याचा बेत निघाला. नात आतां अकरा वर्षांची आहे. तिला स्वतःचे बूट हवे होते. मी पैसे देणार, असें मीं म्हणतांच पलीकडे मुलगा घुटमळला. तेवढ्यांत नातीनेंच यंत्र हातीं घेतलें आणि म्हणाली, "आजोबा, मागच्या वेळीं बाबांच्या दोन्ही अंगठ्यांचीं नखें काळीं पडलीं होतीं. तिसऱ्या दिवसापासून ते बर्फावर गेलेच नाहींत. तुम्हांला सांगूं नका म्हणाले होते." मला काय बोलावें तें सुचेना. मुलगा एवढेंच म्हणाला, "तुम्हीं हौसेनें पैसे पाठविले होते, नाना."

मग मीं सारी हकीकत खोदून विचारली. बूट त्यानें घरबसल्या मागविले होते. आपल्याकडे चालणारा आठ हा क्रमांक इंग्लंडच्या पद्धतीचा. बुटावरचा आठ अमेरिकेच्या पद्धतीचा, म्हणजे सुमारें एका क्रमांकानें लहान. पुण्याच्या उकाड्यांत पातळ मोजे घालून क्षणभर पाहिले, तेव्हां ते घट्ट भासले. नवे बूट वापरानें सैल होतात, या भरंवशावर त्यानें ते तसेच नेले. आंतील मऊ अस्तर दबून थोडें सैल होतें हें खरें, पण बुटाची लांबी कशी वाढावी? दोष दुकानदाराचा नव्हता. माप पायाचें घ्यावयाचें, तें क्रमांकाचें घेतलें गेलें. पायाची लांबी मिलिमीटरांत मोजून त्यावरून बूट निवडण्याची पद्धत या खेळांत रूढ आहे. ती आधीं ठाऊक असती तर हा प्रसंग येताच ना.

जाणत्यांकडून मीं आणखीही पुष्कळ ऐकून घेतलें. सरळ उभें राहिलें असतां बोटें बुटाच्या टोकास जेमतेम स्पर्शावीं, आणि गुडघे वांकविले कीं किंचित् मागें सरावीं. पुढें झुकतांना टांच वर उचलली जातां कामा नये. मोजा एकच असावा, लोकरीचा; सुताचा ओला होऊन गार पडतो, आणि एकावर एक दोन घातले तर वळ्या पडून पाय सोलतो. 'उपानह्' म्हणजे पायाशीं बांधलें जातें तें. हे बूट पायाशीं आंवळावयाचे आणि मग फळीशीं जखडावयाचे. आमच्या चपलेपेक्षां त्यांनाच तो शब्द अधिक शोभतो.

आतां हिशेब. समजा, बूट २४,००० रुपयांस पडले आणि भाडें दिवसाला १,५०० रुपये आहे. सोळा दिवसांत किंमत वसूल होईल. वर्षांतून सहा दिवसांची सहल धरली, तर तिसऱ्या सहलींत. तोंपर्यंत अकरा वर्षांच्या मुलीचा पाय कोठें थांबतो? शिवाय फळी व बूट यांचें भाडें पुष्कळदां एकत्रच आकारतात. स्वतःचे बूट नेले म्हणून फारशी सूट मिळतेच असें नाहीं. विमानांत वजन, घरीं माळ्यावर जागा, आणि आमच्या उन्हाळ्यांत सुकणारा गोंद, हें वेगळेंच. उलटपक्षीं, जो दरवर्षीं जातो व ज्याचा पाय वाढावयाचा थांबला आहे, त्यानें आधीं बूट विकत घ्यावे, फळी मागाहून घ्यावी, हेंही तितकेंच खरें. अनेकांच्या पायांनीं दबलेलें अस्तर कधीं कधीं ढिलें असतें, आणि स्वतःचा बूट पायाची ओळख धरतो. परंतु भाड्याच्या बुटाचा एक मोठा गुण आहे: आज बोचला तर उद्यां बदलून मिळतो.

येथेंच माझी चूक माझ्या ध्यानांत आली. जालन्यास माझ्या टांचा सोलल्या, त्या जोडा दुसऱ्याचा होता म्हणून नव्हे. तो आंखूड होता आणि वाटेंत बदलतां येत नव्हता म्हणून. नेमकी तीच आपत्ति मीं स्वतःच्या पैशानें मुलाच्या पायांत घातली. आणि भाड्याचा एवढा विटाळ तरी कशास? लग्नांतलीं भांडीं, गाद्या, फार काय नवरदेवाची शेरवानीही आपण भाड्यानें आणतों. घोडा तर कोणीच विकत घेत नाहीं! स्मृतिकारांच्या नियमामागें शुचित्वाची दृष्टि असेलही. पण ज्या समाजानें दुसऱ्याचा जोडा वर्ज्य मानला, त्यानें तो शिवणारे हातही अंगणाबाहेर ठेवले. तेव्हां त्यांत शुचित्व किती आणि अहंता किती, हें ज्याचें त्यानें तपासावें. भाड्याचे बूट परत आल्यावर जंतुनाशक फवारून वाळवितात, असें सूनबाई सांगतात. माझी त्यांजविरुद्ध आतां तक्रार नाहीं.

नातीचे बूट भाड्यानेंच घ्यावयाचे ठरलें. ती थोडी रुसली. मग मीं तिला लोकरीचे दोन जोड मोजे घेऊन दिले. ते तिचे स्वतःचे. मुलासही या खेपेस भाड्याचे घ्यावयास सांगितलें आणि ते मागचे बूट, ज्याच्या पायांस बसतील अशा कोणास देऊन टाकावे, असें सुचविलें.

"आणि हें पाहा," मीं त्याला म्हटलें, "यंदां पाय दुखला तर छायाचित्रांत हंसूं नकोस. मला सांग."

पलीकडून तो हंसला. या वेळीं मात्र तें हंसणें मला खरें वाटलें.