चाकाला हलायला जागा

मियाटाला कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉक) बसवले असं सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: किती खाली आली? पेट्रोल पंपावर भेटणारी मुलं हेच विचारतात आणि मंडळाच्या पिकनिकला गाडीभोवती जमणारे मित्रही हेच. मला त्यांना दुसरंच काही सांगायचं असतं. गाडी किती खाली आली यापेक्षा चाकाला वर-खाली हलायला जागा किती उरली, हे मोलाचं. हे काम स्वतःच्या हाताने केल्यावर माझं हे मत पक्कं झालं.

माझी गाडी १९९९ सालची माझ्दा एमएक्स-५, अमेरिकेत जिला सगळे मियाटा म्हणतात ती. दोन सीट, कापडी छप्पर, १.८ लिटरचं इंजिन, वजन साडेदहाशे किलोच्या आसपास आणि चारही चाकांना दुहेरी विशबोन. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिली मियाटा लोकांसमोर आली, तेव्हा ब्रिटिश वळणाच्या छोट्या उघड्या स्पोर्ट्स कार बाजारातून जवळजवळ गेल्या होत्या. माझ्दाने तो प्रकार पुन्हा जिवंत केला. या गाडीत ताकद फार नाही, सगळी गंमत वळणात आहे. माझ्या गाडीचे शॉक इतके थकले होते की ती गंमतच नाहीशी झाली होती. रस्त्याच्या प्रत्येक उंचवट्यानंतर गाडी डोलत राहायची आणि वळणात खड्डा आला की मागचं चाक पकड सोडायचं.

आम्ही राहतो डेट्रॉइटच्या उपनगरात. इथल्या गाड्यांचा खरा शत्रू मीठ. हिवाळाभर बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ पसरतात, आणि डेट्रॉइट शहराच्या पोटात, सुमारे १,२०० फूट खोल, मिठाची चालू खाणच आहे. पंचवीस हिवाळे काढलेल्या गाडीखाली शिरलं की त्या मिठाने काय केलंय ते कळतं. बोल्टचं डोकं गंजून गोल झालेलं, नटाचे आटे दिसेनासे झालेले. म्हणून काम सुरू करण्याआधी आठवडाभर रोज संध्याकाळी मी प्रत्येक नट-बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारत होतो. घरी सस्पेन्शनचं काम करणाऱ्याने पहिला वेळ द्यावा तो इथे. पाना लावायची घाई केली की बोल्ट तुटतो, आणि तुटलेला बोल्ट काढणं हे अख्ख्या कामापेक्षा मोठं काम होऊन बसतं.

हे काम काढलं त्या वसंतात आई-बाबा आमच्याकडे आले होते. बाबा सांगलीच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. आयुष्यभर बसचे पाटे उतरवले, चढवले. गॅरेजमध्ये खोकी उघडली तेव्हा त्यांनी चष्मा चढवून एक कॉइलओव्हर उचलला आणि बराच वेळ फिरवून पाहिला. शॉकच्या नळीला बाहेरून बारीक आटे, आट्यांवर स्प्रिंग टेकायची कॉलर आणि ती जागची हलू नये म्हणून खाली आवळायची दुसरी रिंग. वरच्या टोकाला शॉकचा कडकपणा बदलायची चकती, फिरवली की टकटक करत एकेक खाच पुढे जाते.

“म्हणजे पाट्याखाली पॅकिंग घालायच्या ऐवजी आटेच दिलेत,” बाबा म्हणाले. त्यांना ते लगेच पटलं.

गाडी उचलताना पुढे मधला क्रॉसमेंबर आणि मागे डिफरन्शियल, या दोन जागी जॅक लावला आणि चार मजबूत स्टँडवर तिला उभी केली. काढलेली चाकं दाराखालच्या पट्टीखाली आडवी सरकवून ठेवली, म्हणजे स्टँड सरकलाच तरी गाडी चाकांवर टेकेल. मग दोघांनी मिळून गाडीला जोरात हलवून पाहिलं. बाबांनी दोनदा हलवली. त्यांच्या वर्कशॉपमध्ये तसा रिवाजच होता.

काढायचं काम मागून सुरू केलं, कारण मागचं सोपं. डिकीतलं कापड दूर केलं की शॉकच्या माथ्याचे दोन-दोन नट दिसतात, १४ चा बॉक्स पाना लागतो. खाली आर्ममधून जाणारा १७ चा बोल्ट. अँटीरोल बारच्या लिंक दोन्ही बाजूंनी सोडल्या की आर्म खाली दाबता येतो आणि जुना शॉक तिरका करून बाहेर निघतो. पुढे जरा जागेची अडचण. तिथे वरच्या आर्ममधून आरपार जाणारा लांब बोल्ट मी काढला. तो निघाला की हब बाहेर झुकतो आणि शॉकला वाट मिळते. पण त्या वेळी हबचं वजन ब्रेकच्या रबरी नळीवर येता कामा नये. म्हणून तो तारेने वर बांधून ठेवला. नवे कॉइलओव्हर माथ्याच्या माउंटसकट जोडून आले होते, त्यामुळे स्प्रिंग दाबून धरायच्या यंत्राला हात लावावा लागला नाही. घरी काम करणाऱ्याला ही मोठी सोय आहे. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचा जीव घेऊ शकते.

बसवल्यावर मी खालचा बोल्ट आवळायला टॉर्क रेंच लावला, तेवढ्यात बाबांनी हात धरला.

“थांब लेका. गाडी हवेत आहे. भार येऊ दे, मग आवळ.”

हाच नियम मियाटाच्या दुरुस्तीच्या पुस्तकात आहे, आणि सांगलीच्या वर्कशॉपमध्ये पाट्यांच्या बाबतीत तो बाबांनी वर्षानुवर्षं पाळला होता. कारण साधं आहे. आर्मच्या टोकाला रबरी बूश असतो. त्याची आतली लोखंडी नळी बोल्ट आवळला की जागी घट्ट बसते, आणि पुढे आर्म हलतो तेव्हा रबर पिळलं जातं. आर्म लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर आल्यावर ते रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं. ते लवकर फाटतं आणि फाटेपर्यंत गाडीला विनाकारण वर ढकलत राहतं. मग उंची मोजायची तरी कशी? म्हणून सगळे बोल्ट हाताने लावून ठेवले. प्रत्येक हबखाली जॅक घेऊन, गाडीचा भार चाकावर असतो तितका आर्म वर उचलला आणि मगच टॉर्क दिला. खालच्या बोल्टला ८० न्यूटन-मीटरच्या आसपास, माथ्याच्या नटांना त्याच्या निम्म्याहूनही कमी. माथ्याचे नट जोर लावून पिळले तर त्यांचे आटे जातात.

या साऱ्यात खरा वेळ गेला तो उंची ठरवण्यात, आणि तो गेला हे बरंच झालं. उंची जमिनीपासून मोजायची नाही, टायरची झीज आणि हवा यांनी तो आकडा बदलतो. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायचं. गाडी जॅकवरून उतरवल्यावर चाकं आत दुमडल्यासारखी राहतात, म्हणून ती पुढे-मागे ढकलून टायर सरळ बसू द्यायचे आणि मग टेप लावायची. शिवाय गाडी रिकामी असताना घेतलेलं माप अपुरं, कारण इतक्या हलक्या गाडीला ड्रायव्हरचं वजनही जाणवतं. मी ड्रायव्हरच्या सीटवर मिठाच्या गोण्या ठेवल्या, पाणी मऊ करायच्या यंत्राला लागतात त्या ४० पौंडी. चार ठेवल्या की माझं वजन होतं.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. शॉक आर्मच्या मध्ये कुठेतरी जोडलेला असतो आणि चाक टोकाला. त्यामुळे कॉलर १० मिलिमीटर उतरवली तर गाडी त्याहून जास्त उतरते. थोडं फिरवायचं, दोन्ही बाजूंना दिसणारे आटे मोजायचे, पुन्हा गाडी ढकलायची, पुन्हा मापायचं. बाबा खडूने गॅरेजच्या भिंतीवर चार चाकांचे आकडे लिहीत होते.

खोक्यातून आले त्या उंचीवर गाडी फोटोत फार देखणी दिसली. टायर आणि मडगार्ड यांच्यात दोन बोटं जेमतेम मावत होती. पण फोटोवरून उंची ठरवायची नव्हती. पुढच्या शॉकवरचं धुळीचं रबर वर सरकवून मी दांड्यावर एक बारीक प्लास्टिकची झिपटाय घट्ट बांधली आणि ती नळीच्या तोंडाशी सरकवून ठेवली. शॉक दबला की नळी तिला वर ढकलते आणि ती तिथेच राहते. आमच्या भागातल्या खडबडीत रस्त्यावरून, थंडीने फुगून फुटलेल्या डांबरावरून एक चक्कर मारून आलो. झिपटाय थेट वरच्या बंप स्टॉपमध्ये घुसलेली. म्हणजे त्या उंचीवर गाडी स्प्रिंगवर चालतच नव्हती, रबराच्या ठोकळ्यावर आपटत होती. वळणाच्या मध्ये असं झालं की त्या चाकाचा कडकपणा एकदम वाढतो आणि टायर पकड सोडतो. पुष्कळ लोक अशी गाडी चालवून म्हणतात की कॉइलओव्हर फार कडक असतात. स्प्रिंगचा त्यात दोष नसतो, तिला दबायला जागाच दिलेली नसते.

मग गाडी वर घेतली. पुढे १३ इंच, मागे सव्वातेरा. मूळ उंचीपेक्षा साधारण इंचभर कमी. पुन्हा तीच चक्कर, तेच खड्डे. आता झिपटाय आणि बंप स्टॉप यांच्यात बोटभर अंतर उरलं होतं. ते बोटभर अंतर पाहून मला जो आनंद झाला तो गाडीच्या दिसण्यातून कधी झाला नव्हता. शॉकची चकती पूर्ण कडक करून तिथून खाचा मोजत उलट फिरवली आणि मधल्यापेक्षा जरा मऊ ठेवली. स्प्रिंग मूळपेक्षा दुपटीहून कडक, तरीही गाडी जुन्या शॉकवर होती त्यापेक्षा शांत चालते. तिचं डोलणं थांबलं आहे.

शेवटचं काम घरी करू नये असं माझं मत आहे. उंची बदलली की कँबर आणि टो, म्हणजे चाकांचे उभे-आडवे कोन, बदलतात आणि ते टेपने नीट साधत नाहीत. मियाटात चारही चाकांचा कँबर आणि मागचा टो कॅम बोल्टने जुळवता येतात, फक्त मिठाने ते बोल्ट बूशमध्ये जाम झालेले नसावेत. माझ्या गाडीतले तेलाने आणि बाबांच्या चिकाटीने सुटले होते. सुटण्याआधी त्यांच्या जागेवर खुणा करून ठेवल्या होत्या. अलाइनमेंटवाल्याकडे जाताना चारही मिठाच्या गोण्या सोबत नेल्या आणि सीटवर ठेवूनच मापं घ्यायला लावली. कँबर पुढे दीड अंश उणे, मागे त्याहून किंचित जास्त. टो पुढे शून्य, मागे जरासा आत. परतताना बाबा शेजारी बसले होते. घराजवळच्या रेल्वे फाटकावरून गाडी गेली, तेव्हा त्यांनी फक्त मान डोलावली. शंभरेक मैल चालवून झाल्यावर त्यांनी मला पुन्हा गाडीखाली पाठवून सगळे बोल्ट तपासायला लावले. दोन किंचित फिरले.

तुम्ही कॉइलओव्हर घेणार असाल तर बजेटमध्ये अलाइनमेंटचे पैसे आधीच धरा, नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका आणि उंची ठरवण्याआधी दांड्यावर झिपटाय बांधा. ती सांगेल तितकीच गाडी खाली घ्या.