क्षणजीवी नाद

तंबोऱ्याची तार छेडली असता तिचा स्वर निवांतपणे पारखता येतो. पण मडके घेताना त्यावर टिचकी मारून जो नाद आपण ऐकतो, तो उठतो न उठतो तोच विरतो, आणि तेवढ्या अवधीत त्याची पट्टी अचूक सांगावी, असे काहीसे काम अतिशय गळक्या विद्युत्‌चुंबकीय अनुनादांचा हिशेब करणाऱ्याच्या वाट्याला येते. सिलिकॉनच्या सूक्ष्म गोलात घुटमळणाऱ्या प्रकाशाचा गुणवत्ता-गुणांक (Q) ५ धरला, तर अवघ्या पाच आवर्तनांत त्याची ऊर्जा सुमारे ५३५ पटींनी घटते. शेजारचे अनुनाद जागे होऊ नयेत म्हणून उत्तेजक स्पंद अरुंद पट्ट्याचा घ्यावा, तर तो स्पंद संपण्यापूर्वीच अनुनाद निमालेला असतो; रुंद घ्यावा, तर सारे शेजारी एकदम बोलू लागतात.

म्हणून मी कालक्रमाची वाट सोडून थेट संमिश्र वारंवारता शोधू लागलो. तेथे निराळेच संकट उभे राहिले. जे रूप काळात क्षीण होत जाते, तेच अवकाशात दूरवर वाढत जाते. कारण दूर पोहोचलेला प्रकाश आधी, म्हणजे उगम अधिक प्रबळ असताना, निघालेला असतो. गॅमोव्ह यांनी १९२८ साली अल्फा-क्षयाचा उलगडा करताना संमिश्र ऊर्जेचा जो आश्रय घेतला, त्यातही हीच वाढ दडलेली होती, आणि मला ती आजही विलक्षण सुंदर वाटते. या वाढीला आवर घालण्यासाठी बेरांजे यांनी १९९४ साली मांडलेला शोषक थर भोवती घालावा लागतो; परंतु त्या थराचीही स्वतःची दोलने असतात, आणि गुणांक जितका कमी, तितकी ती खऱ्या अनुनादाच्या शेजारी येऊन बसतात.

अशाच एका तोतया मूल्यावर मी एकदा आठ दिवस विश्वास ठेवला, आलेख काढले, सहकाऱ्यांपुढे मांडलेही. पुढे केवळ खातरजमेसाठी थराची जाडी दीडपट केली, तेव्हा ते मूल्य आपली जागा सोडून दूर सरकले, आणि ज्याला मी किरकोळ समजून वगळले होते, ते दुसरे मूल्य चौथ्या अंकापर्यंत जागचे हलले नाही. गुस्टाव्ह मी यांच्या १९०८ च्या सिद्धांतातून गोलासाठी निघणाऱ्या उत्तराशी ते ताडून पाहिले, जुळले. मग सगळे आलेख मी पुन्हा काढले.